अजिंठ्याची नजरअंदाज पैसेवारी

सेवानिवृत्त इसमाच्या हाती थकबाकीची रक्कम एकरकमी पडली असता त्याने ती निमूटपणे मुदत ठेवीत टाकावी, असा एक अलिखित पण सर्वमान्य दंडक आहे. आणि महसूल खात्यात 34 वर्षे सेवा करून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या, आयुष्यात एकही दंडक न मोडलेल्या माझ्यासारख्याने तो मोडावा, ही गोष्ट माझ्या स्वभावास आणि कुटुंबाच्या अपेक्षेस सारखीच विसंगत होती. तथापि वेतन आयोगाच्या फरकाचा शेवटचा हप्ता जमा झाला त्याच आठवड्यात आम्ही उभयता पेठेतल्या एका झगझगीत दुकानात शिरलो, आणि तेथील तरुण विक्रेत्याने नव्या फोनच्या पाठीवर कोळ्याच्या डोळ्यांसारखे पुंजक्याने बसवलेले चार कॅमेरे दाखवून "काका, एकशे आठ मेगापिक्सेल!" एवढेच शब्द उच्चारले. मेगापिक्सेल म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हते, आणि त्यालाही ठाऊक असावे असे वाटले नाही; परंतु जपमाळेचे मणी 108, उपनिषदे 108, त्या अर्थी या संख्येत काहीतरी पुण्याई असलीच पाहिजे, असा भाव सौभाग्यवतींच्या मुद्रेवर उमटलेला मी पाहिला, आणि 21,999 रुपयांस तो ऐवज आमच्या स्वाधीन झाला.

आता एवढा कॅमेरा पदरात पडल्यावर त्याने तुळशीवृंदावनाचे आणि शेजाऱ्यांच्या मांजराचे फोटो काढीत बसणे म्हणजे तलवारीने कांदा चिरण्यासारखे होते. त्यास साजेसे स्थळ कोणते, याविषयी माझ्या मनात यत्किंचितही संदेह नव्हता. आमच्या घराण्याचा आणि अजिंठ्याचा एक जुना हिशोब बाकी होता. 1958 साली तीर्थरूप एका स्नेह्याचा डबा-कॅमेरा उसना घेऊन, तात्याकाकांसह अजिंठ्यास गेले होते. लेण्यांतल्या अंधारात वाटाडे त्या काळी बाहेरचे ऊन आरशाने आणि पांढऱ्या कापडाने आत वळवून चित्रे दाखवीत, असे ते सांगत, परंतु ते ऊन कॅमेऱ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच ढग आला असावा, कारण आमच्या घरच्या अल्बममध्ये आजही एक संपूर्ण काळा चौकोन चार कोपऱ्यांत नीट चिकटवलेला असून, त्याखाली तीर्थरूपांच्या वळणदार अक्षरांत लिहिले आहे: "अजिंठा, लेणे क्र. 1. डावीकडून: मी, तात्या, बोधिसत्त्व." लहानपणी आम्ही भावंडे तो चौकोन उन्हात तिरपा धरून बोधिसत्त्व शोधीत असू. एकदा धाकट्या बहिणीस तो दिसला, पण पुढे ते तात्याकाकांचे धोतर निघाले.

तेव्हा भाद्रपदात, पाऊस ओसरल्यावर आणि डोंगर हिरवे असतानाच, आम्ही पुण्याहून प्रस्थान ठेवले. छत्रपती संभाजीनगरास मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावकडे जाणारी एसटी धरली. शंभरएक किलोमीटरांचा हा रस्ता. फुलंब्री मागे पडली, दोन्ही बाजूंना मक्याची आणि कपाशीची शेते लागली, आणि ती पाहताना उभ्या पिकाचा अंदाज बांधण्याची माझी जुनी खोड मला स्वस्थ बसू देईना. तेवढ्यात सिल्लोडला गाडी थांबली, आणि त्या यंत्राचे पहिले खरे दर्शन आम्हांस घडले.

चहाच्या टपरीसमोरच्या बाकावर सौभाग्यवतींना बसवून, मागे मिरच्यांची पोती येतील अशा बेताने मी पहिला फोटो काढला. फोटो पाहताच त्यांचे वय एकाएकी 30 वर्षांनी उतरल्याचे निदर्शनास आले. सुरकुत्या नाहीशा, हनुवटी निमुळती, गाल सनमायका बसवल्यासारखे गुळगुळीत. हा फेरफार करण्यास आम्ही कोणताही अर्ज दिलेला नव्हता, परंतु तो अर्जदाराच्या लाभाचा असल्याने सौभाग्यवतींनी हरकत घेतली नाही. उलट, "एवढं काही वाईट नाही हो आलं," असे म्हणून त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांच्या चर्येत जो पालट झाला तो वर्णन करण्यास मी असमर्थ आहे.

"अहो, माझं कुंकू कुठं गेलं?"

मी पाहिले. कपाळ स्वच्छ होते. चेहऱ्यावरील डाग नाहीसे करण्याची त्या यंत्राची जी उपजत वृत्ती होती, तिच्या तावडीत एक वांगाचा डाग, एक चामखीळ आणि एक कुंकू अशी तिन्ही एकाच हुकुमाने सापडली होती. वास्तविक मी दर वर्षी नोव्हेंबर महिन्यात जातीने बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतो; तो सरकारास पुरतो, कोषागारास पुरतो, पण या यंत्राने मला दिवसाढवळ्या, चहाचा पेला हातात असताना, परस्पर खारीज केले होते. सिल्लोडपासून घाट उतरून फर्दापूर येईपर्यंत सौभाग्यवती माझ्याशी बोलल्या नाहीत. जणू काही मीच मरण्यात कसूर केली होती, अथवा केली नव्हती, यांपैकी नक्की काय ते मला अखेरपर्यंत उमगले नाही.

फर्दापूर फाट्यावर खाजगी वाहनांस मज्जाव असल्याने तेथून लेण्यांपर्यंतचा चार किलोमीटरांचा प्रवास शासकीय बसने करावा लागतो. पायथ्याशी तिकीट, मग पायऱ्या, पायऱ्यांवर वानरे, आणि वर पोहोचताच वाघूर नदीने घोड्याच्या नालाच्या आकारात कापलेला तो कडा आणि त्याच्या पोटात रांगेने कोरलेली तीसएक लेणी, असा तो देखावा. याविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिलेले असल्याने मी अधिक लिहीत नाही. शिवाय त्या वेळी माझे लक्ष देखाव्याकडे नसून बॅटरीकडे होते.

पहिल्या लेण्याच्या दारात पादत्राणे काढून आम्ही आत शिरलो. चित्रांच्या रंगांस इजा पोहोचू नये म्हणून आत प्रकाश अतिशय मंद ठेवलेला असतो, आणि फ्लॅश वापरण्यास सक्त मनाई आहे. ती योग्यच आहे, हे मी मान्य करतो, कारण मनाई कोणतीही असो, ती तत्त्वतः योग्य मानण्याची मला सवय आहे. गाभाऱ्याच्या दाराच्या डाव्या हातास तो जगप्रसिद्ध पद्मपाणी बोधिसत्त्व आहे: मस्तकी उंच मुकुट, हातात नीलकमळ, देह तीन ठिकाणी किंचित झुकलेला, आणि दृष्टी अशी खाली वळलेली की समोर उभ्या माणसास आपण काही अपराध केला असून तो आधीच क्षमा झाला आहे असे वाटावे. मी श्वास रोखला, फोन उचलला, कळ दाबली. आणि दीड हजार वर्षांच्या त्या अंधारात विजेसारखा लखलखाट झाला.

"ओ काका! फ्लॅश बंद करा! बंद करा म्हणतो ना!"

पहारेकऱ्याची ती हाक ऐकून त्या वेळी लेण्यात असलेल्या सर्व इसमांनी, तीन परदेशी पाहुण्यांसह, माझ्याकडे वळून पाहिले. मी फ्लॅश बंद करण्याच्या उद्देशाने बोट लावले, तो विजेरी लागली. ती मालवण्याकरिता दुसरे बोट लावले, तो आमच्या शेजारच्या काकूंना व्हिडिओ कॉल गेला. पहारेकऱ्याने अखेर फोन माझ्या हातातून घेऊन, एका अंगठ्याने, माझ्याकडे न पाहता, तो शांत केला. आणि तो परत देताना "काळजी घ्या" एवढेच म्हणाला, जे आजाऱ्यास म्हणतात.

यानंतर एक नवलाईची गोष्ट घडली. बोधिसत्त्वाच्या चेहऱ्याभोवती पडद्यावर आपोआप एक पिवळा चौकोन उमटला, म्हणजे हा मनुष्य आहे हे त्या यंत्राने ओळखले. आणि त्याच चित्राच्या पुढ्यात, बोधिसत्त्वाहून पुष्कळ जवळ आणि पुष्कळ जिवंत अशा सौभाग्यवती उभ्या असता, त्यांच्याभोवती मात्र चौकोन उमटला नाही. सिल्लोडचे प्रकरण ताजे असल्याने ही बाब मी त्यांच्या निदर्शनास आणली नाही. पुढे त्यांनी माझाही एक फोटो तेथेच, त्याच भिंतीपाशी, 'रात्र' नावाच्या योजनेखाली काढला. या योजनेत यंत्र पुष्कळसे फोटो एकामागून एक घेऊन त्यांचा एकच निकाल देते, आणि तोवर काढणाऱ्याने आणि निघणाऱ्याने दोघांनीही पुतळ्यासारखे राहावयाचे असते. मी राहिलो, पण एक तरुणी आमच्या मधून गेली, आणि तिची ओढणी आता माझ्या खांद्यावर धुक्यासारखी कायमची पसरलेली आहे.

बाहेर येऊन कट्ट्यावर बसलो आणि काढलेले फोटो सौभाग्यवतींच्या पदराखाली, सावलीत, पाहिले. नीलकमळाचे वांगे झाले होते. बोधिसत्त्वाच्या मुखावरील करुणा जाऊन तेथे दाढदुखीचा भाव आला होता, आणि मागची सारी मंडळी, किन्नर, मयूर, वानरे, पाने, हे सर्व कोणी ओला बोळा फिरवून पुसावे तसे एकमेकांत मिसळून गेले होते.

अशा प्रसंगी माणसास पूर्वजांचा आधार वाटतो. फाट्यावर विकत घेतलेली माहितीपुस्तिका मी उघडली, आणि तीत मला माझ्या आधीच्या अर्जदारांची एक नामावळीच सापडली. मद्रास पलटणीतला रॉबर्ट गिल हा अधिकारी कंपनी सरकारच्या हुकुमाने 1844 साली या चित्रांच्या नकला करण्यास येथे आला, अजिंठा गावातल्या बारादरीत राहिला, आणि जवळजवळ दोन दशके वटवाघळांच्या आणि मधमाशांच्या शेजारात बसून त्याने मोठमोठे पट रंगवले. ते लंडनला रवाना झाले, क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगले गेले, आणि 1866 साली त्या वास्तूस आग लागून बहुतेक सर्व जळाले. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन 1872 मध्ये आले, त्यांनी नव्याने नकला केल्या, आणि 1885 साली साउथ केन्सिंग्टनला आग लागून त्यांतल्याही पुष्कळशा जळाल्या. विसाव्या शतकात लेडी हेरिंगहॅम आल्या, त्यांच्यासमवेत तरुण नंदलाल बोस होते. आणि पुढे निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या गुलाम यझदानी यांनी छायाचित्रांचा आधार घेऊन अजिंठ्याचे जे चार भाग काढले, त्यांतला पहिला 1930 साली आणि शेवटचा 1955 साली प्रसिद्ध झाला. एका प्रकरणास 25 वर्षे! आमच्या खात्यातही इतका धीर क्वचितच आढळतो. एकंदरीत, हा पद्मपाणी आपली नक्कल सहजासहजी मिळू देत नाही, हे मला पटले, आणि या मालिकेत आपणही आहोत या विचाराने अंमळ बरे वाटले. माझ्या प्रतींना आगीचे भय नव्हते. त्या पाहून कोणी तशी शिफारस केली असती, एवढेच.

तेवढ्यात डोलीवाल्यांपैकी एकजण, जो आमच्या गुडघ्यांकडे पाहून बराच वेळ आशेने जवळ उभा होता, माझ्या हातातल्या फोनकडे वाकून म्हणाला, "काका, याचं पातळ कागुद काढलंच न्हाई की तुमी."

आणि खरोखरच चारही डोळ्यांवर मिळून एक पारदर्शक पापुद्रा, दुकानातून आला तसाच, मधोमध बुडबुडा धरून बसलेला होता. डोलीवाल्याने तो नखाने अलगद सोलला. त्या क्षणी मला जो आनंद झाला त्याची तुलना फक्त चौकशीअंती निर्दोष सुटलेल्या तलाठ्याच्या आनंदाशीच होऊ शकेल. सारा दोष पापुद्र्याचा! आम्ही पुन्हा पादत्राणे काढली, पुन्हा पहिल्या लेण्यात गेलो, पहारेकऱ्याने पुन्हा माझ्याकडे पाहिले, आणि मी पुन्हा कळ दाबली. फोटो पूर्वी धूसर येत होते. आता वांगे स्पष्ट दिसत होते.

दुसऱ्या, दहाव्या, सतराव्या लेण्यांचा तपशील मी देत नाही. दहाव्यात एका खांबावर जॉन स्मिथ या गोऱ्या शिकाऱ्याने 28 एप्रिल 1819 रोजी आपले नाव कोरून ठेवले आहे, आणि ते पुरुषभर उंचीच्या वर आहे, कारण लेणे तेव्हा अर्धे मातीने भरलेले असून तो त्या ढिगाऱ्यावर उभा होता. ते कृत्य निंद्य खरे, पण अक्षर 200 वर्षांनंतरही वाचता येते, हे मी हातातल्या फोनकडे पाहत मनाशी नोंदवले.

सोळाव्या लेण्याविषयी मात्र मला बोललेच पाहिजे. हे लेणे वाकाटक राजा हरिषेणाचा सचिव वराहदेव याने करवले, आणि त्याचा शिलालेख ओसरीच्या भिंतीवर आहे. अजिंठ्यास येणारे लोक राजपुत्र, अप्सरा आणि हत्ती पाहतात. परंतु एका प्रशासकीय अधिकाऱ्याने आपले काम पुरे करून त्याची रीतसर नोंद ठेवली, हे पाहून ज्याचे अंतःकरण भरून यावे असा मनुष्य त्या दिवशी तेथे बहुधा मी एकटाच होतो. मी फोन शिलालेखासमोर धरला. आणि काय सांगावे, पडद्यावर शब्द उमटला: 'दस्तऐवज'. सकाळपासून जे यंत्र छतावरच्या वेलबुट्टीस 'खाद्यपदार्थ' आणि हिरव्या शेवाळास 'बगीचा' म्हणत होते, त्याने पंधराशे वर्षांपूर्वीच्या सचिवाचा कागद मात्र बिनचूक ओळखला. मला गहिवरून आले. मी मोठ्या आदराने कळ दाबली. यंत्राने दस्तऐवज चारही बाजूंनी कातरला, सरळ केला, त्यावरचे सर्व डाग काढले, आणि झिजलेली अक्षरे हीदेखील डागच समजून, एक पांढराशुभ्र कोरा कागद माझ्यासमोर ठेवला.

सव्विसाव्या लेण्यात महापरिनिर्वाणाची सुमारे सात मीटर लांबीची निद्रिस्त बुद्धमूर्ती आहे. ती एका चौकटीत मावेना, म्हणून मी चारांपैकी रुंद डोळा उघडला. मूर्ती मावली. परंतु हा डोळा मधल्या माणसाशी न्यायाने आणि कडेच्या माणसाशी अन्यायाने वागतो, म्हणजे कडेचे सर्व काही बाहेर ताणतो, आणि सौभाग्यवती कडेला उभ्या होत्या. सकाळी ज्यांचे वय 30 वर्षांनी कमी झाले होते, त्यांचाच घेर संध्याकाळी तितक्याच प्रमाणात वाढला. त्यांनी फोटो पाहिला, फोन माझ्या हातात दिला, आणि "उद्या दुकानात जाऊन द्या परत," असे शांतपणे म्हणून त्या पायऱ्या उतरू लागल्या. एक वानर त्यांना वाट करून देण्यासाठी बाजूला झाले.

दुकानातल्या तरुणाने फोन परत घेतला नाही. "लाइट कमी असेल, काका," एवढाच निकाल त्याने दिला, आणि आश्चर्य असे की तो खरा होता. याचा उलगडा मला पुतण्याकडून झाला. तो अभियंता असल्याने प्रथम इंग्रजीत बोलला, मग माझी मुद्रा पाहून मराठीत आला. प्रकाश हा पावसासारखा पडतो, असे तो म्हणाला, आणि कॅमेऱ्यातला एकेक पिक्सेल म्हणजे तो झेलणारे एकेक भांडे. पर्जन्यमापकाच्या नोंदी मी वर्षानुवर्षे ठेवलेल्या, त्यामुळे येथवर मला अडचण आली नाही. "पण काका, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत दहा कोटी ऐंशी लाख भांडी मांडलीत. एकेकात थेंबसुद्धा पुरता पडत नाही. म्हणून मग नऊ भांडी एकत्र ओततात आणि एक नोंद करतात." म्हणजे नऊ कारकून मिळून एक सही, आणि 108 चे राहतात 12. हा हिशोब मी कागदावर दोनदा करून पाहिला.

"आणि लेण्यात तर तेवढाही प्रकाश नव्हता," मी म्हणालो. "मग उरलेलं चित्र कुठून आणतं ते?"

"अंदाजानं," पुतण्या म्हणाला. "पाहिलेलं थोडं, बाकी आजूबाजूचं बघून भरलेलं."

मी काही वेळ बोललो नाही. पिकांची नजरअंदाज पैसेवारी आम्ही नोकरीच्या साऱ्या वर्षांत अशीच केलेली: चार शेतांच्या बांधावर उभे राहावे, पाचव्याकडे गाडीतूनच पाहावे, आणि उरलेल्या गावाचा रकाना शेजारच्या गावाकडे बघून भरावा. त्यातून दुष्काळ जाहीर होई किंवा न होई, परंतु रकाना कधी मोकळा राहत नसे. त्या यंत्राविषयी प्रथमच मला काहीशी आपुलकी वाटली. ते आळशी नव्हते, बेइमानही नव्हते. आमच्याच खात्यात शोभावे असे होते.

त्यानंतर आठवड्याने एका सकाळी फोनने, कोणी सांगितले नसता, रातोरात सर्व फोटो तपासून माणसांची छाननी केली, आणि मजकडे एक प्रश्न पाठवला. पडद्यावर दोन गोल होते. डाव्या गोलात पहिल्या लेण्यातला मी, खांद्यावर धुक्याची ओढणी घेतलेला, मान किंचित कललेली, दृष्टी फ्लॅशच्या भयाने खाली वळलेली. उजव्या गोलात पद्मपाणी. खाली विचारले होते: 'ही एकच व्यक्ती आहे की वेगळी?' आणि उत्तरास तीन बटणे होती: 'एकच', 'वेगळी' आणि 'खात्री नाही'.

34 वर्षांत माझ्या टेबलावरून गेलेल्या कोणत्याही नमुन्यात 'खात्री नाही' असा रकाना मी पाहिला नव्हता. मला तो फार आवडला. तीर्थरूपांचा काळा चौकोन डोळ्यांसमोर आला, 'डावीकडून: मी' हे अक्षर आठवले, आणि माझे बोट त्या तिसऱ्या बटणाकडे वळतही होते, परंतु इतक्या महत्त्वाच्या प्रकरणी एकट्याने निर्णय घेऊ नये म्हणून मी फोन स्वयंपाकघरात नेला. सौभाग्यवतींनी हात पदराला पुसले, चष्मा लावला, दोन्ही चेहरे आळीपाळीने नीट निरखले, आणि 'वेगळी' हे बटण दाबले.

"तो किती शांत दिसतोय बघा," त्या म्हणाल्या.